मण्यारीचा दंश: व्हायल किती, त्याआधी बॅग कोण दाबणार

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या ठिकाणी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, रात्रपाळीला तुम्ही एकटे एमओ (वैद्यकीय अधिकारी), सोबत एक सिस्टर आणि एक मामा (वॉर्डबॉय). पहाटे साडेचारला जमिनीवर झोपणारी एक तरुण बाई पोटदुखी आणि उलटी घेऊन आली. दंशाची खूण नाही, साप कुणी पाहिलेला नाही. पित्त समजून इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात पापण्या मिटायला लागल्या तेव्हा मण्यारीचा संशय आला आणि १० व्हायल (कुप्या) एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरची लस, लावली. पंधरा मिनिटांत अंगावर गांध्या उठल्या, म्हणून एएसव्ही बंद केली, ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीवरची औषधं दिली. त्यानंतर श्वास मंदावला. ही रिअ‍ॅक्शनच वाढतेय असं वाटून एएसव्ही पुन्हा लावली नाही आणि ऑक्सिजन मास्क लावून दोन तासांवरच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं. वाटेत श्वास थांबला, गाडीतल्या डॉक्टरांनी श्वास देणारी बॅग दाबत नेलं, आता ती व्हेंटिलेटरवर आहे. तुम्ही विचारताय: एएसव्ही किती द्यायला हवी होती, लकव्यावरचं निओस्टिग्मिन द्यायला हवं होतं का, आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकायला हवी होती का, कारण आजवर ट्यूब फक्त सरावाच्या पुतळ्यावर टाकली आहे.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण घोटाळा चौथ्याच जागी झाला. गांध्या उठल्यावर श्वास बिघडला, तो रिअ‍ॅक्शनने की लकव्याने, म्हणजे विषामुळे स्नायू लुळे पडल्याने? तिथे उत्तर चुकलं आणि पुढचं सगळं त्यावरून ठरलं. म्हणून आधी तेच घेतो.

रिअ‍ॅक्शनमधला श्वास आवाज करतो. छातीत शिट्टी वाजते, गळ्यात घरघर येते, आवाज घोगरा होतो, पेशंट उठून बसायला धडपडतो, मानेचे स्नायू ताणले जातात, नाडी धावते, बीपी पडतं, कातडी लाल होते किंवा खाजते. श्वासनलिका अरुंद झाली आहे आणि स्नायू जिवाच्या आकांताने काम करताहेत, असं ते चित्र असतं. मण्यारीचा लकवा नेमका उलटा. इथे नळी मोकळी असते, पण भाता ओढणारे स्नायूच दमलेले असतात. छाती जेमतेम हलते, श्वास उथळ आणि शांत होतो, आवाज नाकातून येतो, लाळ गिळता येत नाही म्हणून ओठांच्या कडेला फेस साचतो. पोटावर हात ठेवला तर श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत जातं. पेशंट धडपडत नाही, आणि म्हणूनच नातेवाईक म्हणतात, ‘आता जरा शांत झाली.’ लकव्याच्या पेशंटबद्दल हे वाक्य कानावर आलं की हातातलं काम टाकून खाटेपाशी जायचं.

दोन्ही एकाच वेळी असू शकतात, तुमच्या पेशंटला होतेच. गांध्या खऱ्या होत्या. पण तुम्ही लिहिलं आहे की बीपी ११० होतं, छातीत शिट्टी नव्हती आणि ती ‘शांत पडून’ होती. म्हणजे श्वास लकव्याने जात होता.

मॉनिटरवर ९८ दिसत होतं, म्हणून निर्धास्त राहिलो, असंही तुम्ही लिहिलंय. ऑक्सिजन लावलेला असला की हा आकडा फार उशिरा पडतो. फुफ्फुसात भरपूर ऑक्सिजन असल्याने थोड्याशा हवेतही रक्त लाल राहतं, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि साचत जातो. ९८ चा ८५ झाला की हातात फार थोडा वेळ उरतो. त्यामुळे लकव्याच्या पेशंटमध्ये ऑक्सिमीटर हे पहिलं मोजमाप धरू नका. पहिलं मोजमाप म्हणजे एका श्वासातले आकडे. पेशंटला खोल श्वास घ्यायला लावून एका दमात, साधारण सेकंदाला दोन या वेगाने, आकडे म्हणायला सांगा. धडधाकट तरुण माणूस तीस-चाळीसच्या पुढे सहज जातो. एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी मोजा आणि वेळेसकट केसपेपरवर लिहा. वीसच्या खाली आला की बॅग, सक्शन, ट्यूब खाटेपाशी. दहाच्या खाली आला, किंवा उशीवरून डोकं उचलता येईना, किंवा लाळ तोंडात साचू लागली, की श्वास आपण हातात घ्यायचा. आकडे येत नसतील तर वाराची नावं, देवाचं नाव, काहीही एका दमात म्हणवून घ्या. दर वेळी तेच म्हणवलं की तुलना करता येते.

आता एएसव्ही. प्रौढाला सुरुवातीचा डोस १० व्हायल, मुलांनाही तेवढाच, कारण सापाने विष मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून टोचलेलं नसतं. मुलांमध्ये फक्त सलाइन कमी घ्यायचं. दहाच का, याचा हिशेब कळला की डोस लक्षात राहतो. आपल्या एएसव्हीचा एक मिली घोणस किंवा नागाचं ०.६ मिलिग्राम आणि मण्यार किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्राम विष निकामी करतो. व्हायल १० मिलीची. म्हणजे १० व्हायल घोणशीचं ६० मिलिग्राम विष बांधतात आणि घोणस एका दंशात सरासरी साधारण तेवढंच टोचते. टेस्ट डोस देऊ नका. त्यातून रिअ‍ॅक्शन येणार की नाही हे कळत नाही, वेळ मात्र जातो.

लकव्याच्या केसमध्ये तासाभरात सुधारणा नसेल किंवा बिघाड चालूच असेल तर आणखी १० व्हायल, आणि तिथे थांबायचं. २० च्या पुढे देऊन लकवा सुटत नाही. मण्यारीच्या विषाचा मुख्य घटक चेतातंतूच्या टोकाशी जाऊन तिथली यंत्रणाच मोडतो. एएसव्ही रक्तात फिरणारं विष पकडते, पण टोकाशी पोचून काम करून गेलेल्या विषापर्यंत तिचा हात पोचत नाही. मोडलेलं टोक शरीर स्वतः दुरुस्त करतं आणि त्याला दिवस लागतात. म्हणून लस वेळेत लागूनही पुढच्या काही तासांत लकवा वाढू शकतो. ते लसीचं किंवा तुमचं अपयश नाही. ते गृहीत धरूनच सुरुवात करायची: लस लावताना त्याच क्षणी ‘याचा श्वास जाणार आहे’ असं समजून बॅग उशाशी ठेवायची.

(घोणस आणि फुरशाचं गणित वेगळं आहे. तिथे रक्त गोठतंय का ते पाहून सहा-सहा तासांनी ठरवतात, कारण गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. मण्यारीच्या संशयातही ती चाचणी एकदा कराच: नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरकी करून बघणं. साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची नळी घेतली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि फसगत होते. शंका आली तर सोबतच्या नातेवाईकाचं रक्त दुसऱ्या नळीत घेऊन बघा.)

लस बनवतानाचा वेळ कुणी हिशेबात धरत नाही. पावडरच्या दहा व्हायल एकट्या सिस्टरने विरघळवायच्या म्हटलं तर पंधरा-वीस मिनिटं जातात. घाईत जोरात हलवली की फेस होतो. फेसात प्रथिनं खराब होतात आणि सिरिंजमध्ये औषध नीट ओढलंही जात नाही. १० मिली पाणी कडेने सोडा आणि तळहातांमध्ये व्हायल फिरवत राहा, ताक घुसळल्यासारखी झटकू नका. ५०० मिलीच्या सलाइनमधून १०० मिली काढून टाका, त्यात दहाही व्हायल घाला आणि अर्ध्या ते एका तासात जाऊ द्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं थेंब सावकाश, आणि डॉक्टर खाटेपाशी उभा. रजिस्टर नंतर लिहिता येतं.

त्याआधी एक सिरिंज भरून, नाव लिहून, खाटेच्या दांडीला चिकटपट्टीने लावलेली हवी: ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्राम, म्हणजे १ मिलीच्या ॲम्प्यूलमधलं अर्धं. गांध्या, थरथर, उलटी, शिट्टी, बीपी पडणं, यातलं काही दिसलं की ड्रिप बंद आणि हे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मुलांना किलोला ०.०१ मिलिग्राम. पाच-दहा मिनिटांत फरक नाही तर पुन्हा. हेच ॲम्प्यूल पातळ न करता शिरेतून देऊ नका, त्याने हृदयाची लय बिघडून पेशंट जाऊ शकतो. ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन द्या, पण ती मदतनीस औषधं आहेत. रिअ‍ॅक्शन मोडतं ते ॲड्रेनलिन. तुमच्या केसमध्ये तेच राहून गेलं. ॲड्रेनलिनची भीती एमबीबीएसपासून मनात बसलेली असते, मला ती समजते, पण स्नायूतून दिलेला अर्धा मिलिग्राम तरुण पेशंटला घाबरण्यासारखा नाही.

रिअ‍ॅक्शन आली म्हणून लस कायमची बंद होत नाही. गांध्या बसल्या, बीपी स्थिर झालं, छाती मोकळी ऐकू आली, की दहा-पंधरा मिनिटांनी तीच बाटली पुन्हा लावा. आधी अगदी सावकाश, मग वेग वाढवून उरलेली पूर्ण करा. विषाला दुसरा उतारा नाही, त्यामुळे अर्धवट डोस सोडून देणं हा पर्याय मोजायचाच नाही. लस लावण्याच्या अगदी आधी ०.२५ मिलिग्राम ॲड्रेनलिन कातडीखाली देण्याने गंभीर रिअ‍ॅक्शन कमी होतात, हे श्रीलंकेतल्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्याच चाचणीत हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथझिन आधी देऊन फायदा दिसला नाही. वयस्कर, बीपीवाल्या किंवा हृदयाच्या पेशंटमध्ये मी हा डोस टाळतो, बाकीच्यांना देतो.

निओस्टिग्मिन नागाच्या दंशात खरंच उपयोगी पडतं, कारण तिथे विष स्नायूच्या बाजूला अडथळा करतं आणि तो हटवता येतो. मण्यारीत बहुधा उपयोग होत नाही. पण साप पाहिलेलाच नाही, तर एकदा देऊन बघणं योग्य. आधी ॲट्रोपिन ०.६ मिलिग्राम, मग निओस्टिग्मिन १.५ मिलिग्राम, म्हणजे ०.५ वाली तीन ॲम्प्यूल. देण्याआधी पापणीतून बुबुळ किती मिलिमीटर दिसतं आणि एका श्वासात किती आकडे येतात ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर ‘थोडं बरं वाटतंय’ यापलीकडे काही हाती लागत नाही. दर अर्ध्या तासाने ०.५ मिलिग्राम, ॲट्रोपिनसोबत. तीन डोसांत फरक नाही तर सोडून द्या. आणि या सगळ्यासाठी श्वासाकडची नजर हटवू नका.

आता ज्याने जीव वाचतो ते. तुमच्या पेशंटला गाडीत कुणीतरी बॅग दाबली, म्हणून ती आज व्हेंटिलेटरवर आहे. ट्यूब न जमणं हा तुमचा दोष मानू नका. दोन तास नीट बॅगिंग करता येणारा डॉक्टर मण्यारीचा पेशंट पोचवू शकतो. पण ‘नीट’ या शब्दात बरंच काही आहे.

ऑक्सिजन मास्क आणि बॅग यांतला फरक आधी मनात पक्का करा. मास्क फक्त हवा समोर ठेवतो, ओढायची पेशंटने. ज्याचा ओढणारा स्नायूच गेला त्याला मास्कचा उपयोग नाही. बॅग सिलिंडर संपला तरी साध्या हवेवर काम करते. त्यामुळे वाटेत ऑक्सिजन संपला तर बॅग थांबवायची नाही.

बॅग वापरण्याआधी तपासा: तोंड तळहाताने बंद करून दाबली तर जोर लागला पाहिजे. सहज दाबली गेली तर व्हॉल्व्ह गळतो किंवा उलटा बसवलाय. पेशंटच्या उशाशी उभं राहा, डोक्याखाली घडी घालून कान छातीच्या रेषेत आणा. तोंडातली लाळ सक्शन करा. गॅग (घशाला स्पर्श होताच येणारी उबळ) नसेल तर एअरवे (जीभ मागे पडू न देणारी तोंडातली नळी) टाका, माप तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. मग सगळ्यांची होणारी चूक: मास्क चेहऱ्यावर दाबला जातो. दाबला की हनुवटी खाली जाते, जीभ मागे पडते आणि नळी बंद. जबडा वर उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. बोटं हाडावर हवीत, हनुवटीखालच्या मऊ भागात रुतलेली नकोत. एका हाताने जमत नसेल तर दोन्ही हातांनी मास्क तुम्ही धरा आणि बॅग मामांना दाबू द्या. दोघांचं बॅगिंग जवळपास नेहमीच चांगलं होतं, त्यात कमीपणा काही नाही.

दाबायची किती? मोठ्या बॅगचा साधारण तिसरा हिस्सा, एका सेकंदात, छाती उचलताना दिसेल एवढीच. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. घाबरलेला माणूस मिनिटाला तीस वेळा आणि पूर्ण बॅग पिळतो. मग हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी वर येते, आणि गिळता न येणाऱ्या पेशंटच्या ती सरळ फुफ्फुसात जाते. मोठ्याने ‘एक, दोन, तीन, चार, दाब’ म्हणायचं, हे नातेवाईकालाही पाच मिनिटांत शिकवता येतं. पोट फुगलंच तर रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) टाकून रिकामं करा.

ट्यूब कधी? लांबचा प्रवास आहे, लाळ आवरत नाही, आणि टाकणारा हात सरावाचा आहे, तर निघण्याआधी टाका, गाडीत नाही. लकवा पुढे गेलेला असेल तर जबडा सैल असतो, स्नायू सैल करणारं रिलॅक्संट लागत नाही. गुंगीसाठी थोडं औषध मात्र द्या, कारण पेशंट पूर्ण शुद्धीत असतो. बाईला ७ किंवा ७.५, दाताशी २१ सेंटिमीटर, पुरुषाला ८ आणि २३. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा करू नका. आय-जेल (घशात बसवायचं श्वास देण्याचं साधन) असेल तर मध्यम बांध्याला ४ नंबर, लहान चणीला ३, नाहीतर बॅग आणि मास्कवर परत या. लांबलेले प्रयत्न मेंदूचा ऑक्सिजन खातात, बॅगिंग तो देतं.

निघण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास, म्हणजे तुमचं अंतर पार होत नाही. १०८ ला फोन करताना ‘सर्पदंश’ एवढंच न सांगता ‘श्वास देत आणायचा पेशंट’ असं सांगा, म्हणजे एएलएस गाडी (श्वास देण्याची सोय असलेली) मागता येते. पुढच्या रुग्णालयालाही फोन करून व्हेंटिलेटर मोकळा आहे ना विचारा. तिथे नसेल आणि आणखी तासभरावर असेल, तर हे तुमच्या खाटेपाशी कळलेलं बरं, त्यांच्या दारात नव्हे.

पहिल्या अर्ध्या तासाबद्दल दोन शब्द, कारण त्याचीही तुम्हाला बोच आहे. पावसाळ्यात पहाटे, जमिनीवर झोपणाऱ्याला पोटदुखी आणि उलटी असेल तर खूण शोधत बसू नका, मण्यारीचे दात बारीक असतात आणि दंश बऱ्याचदा दिसतही नाही, दुखतही नाही. ‘काही चावलं का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘पान लागलं का’ (साप चावण्याला गावाकडे असंच म्हणतात) असं विचारा आणि वर बघायला लावून एक मिनिट थांबा, दमलेली पापणी हळूहळू खाली येते. लहान मूल घामाघूम, हातपाय थंड, नाडी विचित्र असेल तर विंचू आठवा. तिथे सापाची लस नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवलेलं प्राझोसिन चालतं.

सरावाचं विचारलंत. पुतळ्यावर ट्यूब टाकण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) भूलतज्ज्ञांना विनंती करून आठवडाभर फक्त मास्क धरायला उभे राहा. वीस-पंचवीस खऱ्या चेहऱ्यांवर, दाढी असलेल्या, दात नसलेल्या, जाड मानेच्या, हात बसला की भीती जाते. आणि मृगाच्या आधी तुमच्या कॅज्युअल्टीत सिस्टर, मामा, मावशी सगळ्यांना घेऊन घड्याळ लावून करून बघा: बॅग हातात यायला किती सेकंद, ॲड्रेनलिन भरायला किती, मुदत संपलेल्या व्हायलमध्ये पाणी घालून दोघींनी दहा विरघळवायला किती मिनिटं. पहिल्या वेळी बहुधा बॅगचा मास्क सापडत नाही किंवा सक्शनची नळी तुटलेली निघते. ते जूनच्या आधी निघावं.

शेवटी, तिच्या बाहुल्या विस्फारलेल्या आहेत आणि ‘आशा कमी’ असं तिथल्या कुणी म्हटल्याचं तुम्ही लिहिलंय. मण्यारीत बाहुल्या विस्फारून स्थिर होऊ शकतात, डोळे हलत नाहीत, हात-पाय-पापण्या काहीच हलत नाही, आणि तरीही पेशंट आत जागा असतो, सगळं ऐकत असतो. या स्थितीत बाहुल्यांवरून मेंदूचा निकाल लावता येत नाही. वाटेत श्वास किती वेळ पूर्ण थांबला होता यावर बरंच अवलंबून आहे, ते गाडीतल्या डॉक्टरांकडून नक्की विचारून घ्या. उद्या तिथल्या डॉक्टरांना फोन करा आणि सांगा की हा लकवा सुटायला काही दिवस लागतात, गुंगीचं औषध चालू ठेवा, खाटेपाशी वाईट बोलू नका आणि नवऱ्याला तिच्याशी बोलायला आत सोडा. पुढच्या वेळी रेफर चिठ्ठीवर हे वरच्याच ओळीत लिहा: ‘मण्यार दंशाचा संशय, बाहुल्या विस्फारलेल्या, पेशंट शुद्धीत आहे.’